‘प्रामाणिक प्रयत्न’ हे शब्द आता बंद करा

मराठी सिनेमाच्या परीक्षणांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येतं, अडीच स्टारच्या जरा वर. ‘काही तांत्रिक मर्यादा असल्या तरी हा एक प्रामाणिक प्रयत्न आहे.’ सिनेमा गावाकडचा असेल, कलाकार अनोळखी असतील आणि त्यात कुणी गरीब माणूस पळत असेल, कुस्ती खेळत असेल किंवा फुटबॉल मारत असेल, तर हे वाक्य हमखास समजा.

मोठ्या बजेटच्या सिनेमाला कुणी प्रामाणिक म्हटलेलं तुम्ही वाचलंय? त्याला भव्य म्हणतात, फसलेला म्हणतात, पैसा वसूल म्हणतात, कधी कधी शिव्याही घालतात. पण त्याच्या प्रामाणिकपणाची चौकशी कुणी करत नाही. ते सर्टिफिकेट फक्त ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्यासाठी राखून ठेवलंय. शाळेत नापास होणाऱ्या पोराला ‘वर्तणूक: चांगली’ असा शेरा मिळायचा, तसं.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. इंजिनिअरिंग केलं, सध्या पुण्यात कोड लिहितो. सिनेमाचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण रोज दुसऱ्यांचा कोड तपासणं आणि आपला तपासून घेणं हे माझं काम आहे, त्यामुळे रिव्ह्यू म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. माझ्या कोडखाली सीनियरनं ‘प्रामाणिक प्रयत्न’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ एकच: त्यानं फाईल उघडलेली नाही. उघडली असती तर त्यानं ओळ क्रमांक लिहिला असता. इथं हे का केलंस, तिथं मेमरी का खातंय, असं विचारलं असतं. मला राग आला असता, पण माझं काम त्यानं बघितलंय एवढं नक्की कळलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की कमी पैशात केलेल्या खेळाच्या सिनेमांकडे आपण बघतच नाही. आपण त्यांच्या गरिबीकडे बघतो, हळहळतो आणि त्या हळहळीलाच समीक्षा म्हणतो.

एक उदाहरण घेतो. २०२० च्या जानेवारीत ‘लता भगवान करे’ नावाचा मराठी सिनेमा आला. लता करे या मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या, कामासाठी बारामतीकडे आलेल्या, साठी ओलांडलेल्या बाई. नवरा आजारी पडला, तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून बक्षिसाच्या रकमेसाठी त्या बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लुगडं नेसून, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली होती. तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आली असेल, हात जोडलेल्या इमोजीसह. त्यावर सिनेमा केला नवीन देशबोईना या तेलुगू दिग्दर्शकानं. आणि लता करेंच्या भूमिकेत कोण? लता करे.

जरा थांबून विचार करा, हा केवढा मोठा निर्णय आहे. दिग्दर्शक परभाषेतला. नायिका कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली. आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ तिला पुन्हा करून दाखवायचाय, आणि ती शर्यतही पुन्हा पळायचीय. एखाद्या युरोपियन दिग्दर्शकानं हे केलं असतं तर फेस्टिवलच्या पुस्तिकेत त्यावर चार पानं आली असती: वास्तव आणि अभिनय यांच्या सीमारेषा वगैरे. आपल्याकडे काय झालं, तर ‘बिचाऱ्या बाईंनी स्वतःच काम केलंय’.

मार्च २०२१ मध्ये ६७ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि लता करेंना विशेष उल्लेख मिळाला. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री होती कंगना राणावत, ‘मणिकर्णिका’ आणि ‘पंगा’साठी. ‘पंगा’ही खेळाचाच सिनेमा. कबड्डी सोडलेली एक आई पुन्हा मैदानात उतरते, अशी गोष्ट. तोही २०२० च्या जानेवारीतच आला होता. म्हणजे एकाच महिन्यात दोन सिनेमे, दोन्हींत वय आणि संसार यांच्या विरोधात मैदानात उतरणारी बाई. एकीचं काम ‘अभिनय’ ठरलं आणि दुसरीचं ‘उल्लेख’. कंगनाच्या कामावर माझा आक्षेप नाही, ‘पंगा’त ती चांगलीच आहे. आक्षेप याच्यावर आहे की ‘पंगा’वर बोलताना लोकांनी तिची देहबोली, तिचं रेड मारणं, आई म्हणून दमलेला तिचा चेहरा, असं सगळं तपासलं. लता करेंच्या पळण्याबद्दल काय लिहिलंत? त्यांचा पाय कसा पडतो? लुगड्याचा काष्टा पळताना कुठं अडतो? दम लागल्यावर चेहरा कसा होतो, आणि तो कॅमेऱ्यासाठी होतो की खरोखरचा? मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर विचारून बघितलं. सगळे सिनेमे बघणारी, लेटरबॉक्स्डवर याद्या करणारी मंडळी. आठ जणांपैकी एकालाही हा सिनेमा माहीत नव्हता. पाच जणांना त्या बाईंची बातमी मात्र आठवत होती.

गरीब माणसाची बातमी आपल्याला चालते. तिच्यात आपण शेअरचं बटण दाबून मोकळे होतो. सिनेमा दोन तास बसवून ठेवतो, तिथं अडचण होते.

आता शरीराचं बोलू. खेळाचा सिनेमा म्हटला की आपल्याकडे एक जाहिरात सिनेमाच्या आधी वर्षभर चालते: हिरोनं शरीर कसं कमावलं. ‘चंदू चॅम्पियन’ आला २०२४ मध्ये. मूळचे सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारा माणूस. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. या माणसाला पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. आणि सिनेमा येण्याआधी आपल्यापर्यंत पोचलेला सगळ्यात मोठा आकडा कुठला, तर कार्तिक आर्यनच्या शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. पेटकरांची पोहण्याची वेळ तुमच्यापैकी कुणाला पाठ आहे?

नटानं खेळाडूचं शरीर कमावलं की ती मेहनत. खेळाडू नट झाला की ‘स्वतःचीच तर भूमिका केलीय, त्यात काय’. हे मोजमाप मला उलटं वाटतं. पळणं सोंग म्हणून वठवता येत नाही. मी लहानपणापासून भरतीची पोरं पळताना बघतोय. त्यातलं कुणी तीन महिन्यांचं आहे आणि कुणी तीन वर्षांचं, हे पन्नास मीटरवरून खांद्याकडे बघून कळतं. नवीन पोराचे खांदे कानाकडे जातात. मुरलेल्या पोराचे खांदे जागेवर असतात, हात कमरेशी मागेपुढे होतात. मोठ्या सिनेमांना हे माहीत असतं, म्हणून ऐन शर्यतीत स्लो मोशन येतं. सगळ्यांना वाटतं ते भावनेसाठी आहे. अर्ध्या वेळा ते नटाचा वेग झाकण्यासाठी असतं. आम्ही अॅप हळू चालायला लागलं की स्क्रीनवर गोल फिरणारं चिन्ह टाकतो, त्यातलाच प्रकार.

‘तांत्रिक मर्यादा’ हा दुसरा शब्द. याचं उत्तर ‘ख्वाडा’नं २०१५ मध्येच दिलंय, पण ते कुणी ऐकलं नाही. भाऊराव कऱ्हाडेनं जमीन विकून तो सिनेमा केला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला काय मिळालं, हे विचारलं की लोक गप्प होतात. एक, दिग्दर्शनासाठी विशेष ज्युरी पुरस्कार. दुसरा, लोकेशन साउंडचा, ध्वनिमुद्रक महावीर सब्बनवाल यांना. नीट वाचा: आवाजाचा. मेंढरं, वारा, माळरान, माणसांचं एकमेकांवर ओरडून बोलणं, हे सगळं जागेवर पकडणं हे डबिंग स्टुडिओत बसून करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. देशातला त्या वर्षीचा त्या प्रकारातला सगळ्यात चांगला आवाज जमीन विकून केलेल्या सिनेमाचा होता. मग तांत्रिक मर्यादा नेमकी कुणाची? मल्टिप्लेक्सात सिनेमा बघून आवाजाबद्दल एक ओळही न लिहिणाऱ्याची.

‘ख्वाडा’तला बाळू कुस्तीचा नाद असलेला धनगराचा पोरगा आहे. वनखात्यानं घेतलेल्या जमिनीसाठी बाप वर्षानुवर्षं कोर्टात झगडतोय, कुटुंब मेंढरं घेऊन फिरतंय. बहुतेक खेळाच्या सिनेमांत शेवटचा सामना जिंकला की घराचं कर्ज फिटतं, बापाचा राग जातो, गावाची जातपात मिटते आणि वर तिरंगा फडकतो. ‘ख्वाडा’त कुस्ती असं काहीही मिटवत नाही. जमीन, मान आणि राहायला जागा हे प्रश्न आखाड्याबाहेर उभे राहतात ते राहतातच. आमच्याकडे असंच असतं. कुस्ती जिंकून नारळ, फेटा आणि रोख बक्षीस मिळतं, सातबारा मिळत नाही.

‘झुंड’ कमी बजेटचा नव्हता, त्यात अमिताभ बच्चन होता. तरी त्याचं नाव इथं घेतो, कारण नागपूरच्या वस्तीतली पोरं त्यात मोठ्या भूमिकांमध्ये होती आणि त्यांच्यातल्या अंकुश गेडामला पुढे फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मार्च २०२२ मध्ये सिनेमा आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी एकच तक्रार होती: लांबी. पहिल्या भागातला सामना मस्त, दुसरा भाग रेंगाळतो. दुसऱ्या भागात काय आहे? पोरांना खेळायला परदेशी जायचंय आणि त्यासाठी पासपोर्ट हवा. पासपोर्टसाठी कागद हवेत. रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप आपण कोण आहोत हे सिद्ध करायला या दारातून त्या दारात फिरतात. हे ज्याला रेंगाळणं वाटतं, त्यानं आयुष्यात कधी तहसीलबाहेर रांग लावलेली नाही. माझ्या नात्यातली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मधल्या सहा महिन्यांत गावात निघालेला कुठलाही कागद त्यांचा नसतो. त्यांच्यासाठी तो दुसरा भाग म्हणजेच सामना आहे, पहिला नुसता वॉर्म-अप.

आता माझ्या जवळची गोष्ट सांगतो, कारण राग तिथून आलाय.

माझ्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी २४ मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. आमच्याच भागातली गोष्ट. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, पोरगी आजीजवळ राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना भरतीत ८०० मीटर पळायचं असतं. सिनेमा त्या आठशे मीटरचा आहे. मी त्यात पैशांची एक्सेल शीट सांभाळली, सबटायटल केली आणि शनिवार-रविवारी गाडी चालवली. एकूण खर्च ६८ हजार रुपये. त्यातले निम्म्याच्या वर कॅमेरा, लेन्स आणि माईकच्या भाड्याचे. बाकी जेवण, पेट्रोल आणि आजीचं काम करणाऱ्या म्हातारीला रोज, कारण ती म्हणाली, ‘खुरपायला गेले तरी तेवढे भेटतेत, मग फुकट का करू बाबा?’ बरोबरच होतं तिचं.

नायिकेचं काम खऱ्या भरतीच्या पोरीनं केलं. शूटिंग पहाटे साडेपाचला, कारण तिची प्रॅक्टिस तेव्हाच असायची आणि तिनं ती एकही दिवस चुकवायला नकार दिला. मग वेळापत्रक तिच्या पायांवर ठरलं. पळतानाचे शॉट मोटारसायकलवर उलटं बसून घेतले. मोटारसायकलचा आवाज येतो म्हणून गाडी बंद करून उतारावरून सोडायची आणि तेवढ्या उतारात शॉट संपवायचा. तो उतार साधारण दोनशे मीटरचा. म्हणून फिल्ममध्ये एकही धावण्याचा शॉट त्याहून लांब नाही, आणि प्रत्येक शॉटच्या शेवटी ती पोरगी कॅमेऱ्याच्या पुढे निघून जाते, कारण उतार संपला की गाडी मंदावते आणि ती मंदावत नाही. बघणाऱ्याला वाटतं दिग्दर्शकानं मुद्दाम केलंय. तर हो, पहिल्या दिवसानंतर त्यानं ते मुद्दामच केलं. अडचण बघितली आणि तिचाच नियम केला. आमच्या धंद्यात याला चांगलं डिझाइन म्हणतात.

ही फिल्म एका फेस्टिवलला पाठवली. नाव सांगत नाही. फी भरली, चार महिने वाट बघितली. निवड झाली नाही, त्याचं दुःख नाही, शेकडो फिल्म येत असतील. पण सोबत परीक्षकांचा अभिप्राय आला. दोन ओळी. ‘ग्रामीण वास्तवाचं चित्रण करण्याचा प्रामाणिक प्रयत्न. तांत्रिक बाजूंवर अधिक काम हवं.’ ‘तांत्रिक बाजू’ म्हणजे कुठली? आवाज? रंग? एडिट? ती प्रत्येक शॉटमध्ये कॅमेऱ्याच्या पुढे जाते हे तुम्हाला दिसलं का? दिसून आवडलं नसेल तर तेही चालेल, तसं लिहा. मला स्वतःला त्यात बापाचा कारखान्यावरून येणारा फोन दीड मिनिट जास्त लांबलेला वाटतो, आणि मी ते मित्राला तोंडावर सांगितलंय. आम्ही त्यावर दोन चहा होईपर्यंत भांडलो. त्या भांडणात फिल्मबद्दल जितकं बोलणं झालं, तितकं त्या दोन ओळींत नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द, कारण आपली माणसं म्हणून त्यांना सोडायचं असं नाही. गावाकडचे कितीतरी दिग्दर्शक हाच शब्द ढालीसारखा वापरतात. पोस्टरपेक्षा आधी ‘घर गहाण ठेवून केला’ ही बातमी येते. मुलाखतीत सिनेमाबद्दल एक वाक्य आणि हालअपेष्टांबद्दल वीस. प्रेक्षकांना हात जोडून विनंती की ‘मराठी माणसा, साथ दे’. भावांनो, तिकीट ही भाऊबीज नाही. पटकथा दुबळी असेल तर विकलेली जमीन ती भरून काढत नाही. आणि सारखी हळहळ मागितली की हळहळच मिळणार. १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून ‘मंथन’ केला. श्याम बेनेगलांच्या त्या सिनेमाबद्दल लोक स्मिता पाटीलबद्दल बोलतात, गिरीश कर्नाडबद्दल बोलतात, सहकाराच्या राजकारणाबद्दल बोलतात. दोन रुपयांची गोष्ट कौतुकानं सांगतात, पण सिनेमा त्या दोन रुपयांच्या दयेवर उभा करत नाहीत.

व्यवस्थेचंही तेच. राज्य सरकारचं मराठी सिनेमाला अनुदान आहे, अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असा हिशोब चालत आलाय. पण ते मिळतं सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीनं तपासून. म्हणजे आधी जमीन विका, मग परीक्षेला बसा. ज्याच्याकडे विकायला जमीनच नाही त्याचा सिनेमा समितीपर्यंत पोचतच नाही, आणि बीडमध्ये खेळणारी, पळणारी बरीचशी पोरं नेमकी त्याच घरांतली आहेत. पुढे थिएटर. भाऊराव कऱ्हाडे राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आठ वर्षं झाल्यावर २०२३ मध्ये ‘टीडीएम’ घेऊन आला, तेव्हाही शो मिळेनात म्हणून त्याच्यावर सिनेमा काढून घ्यायची वेळ आली. जे शो मिळतात ते दुपारी बाराचे. दुपारी बाराला माळेगावचा, कड्याचा, धानोऱ्याचा कोणता पोरगा सिनेमा बघायला मोकळा असतो? मग तो टेलिग्रामवर बघतो, आणि आपण पायरसीवर निबंध लिहितो.

हे सगळं आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेवर आज ना उद्या कुणीतरी सिनेमा काढणार. तो येणार हे मला पक्कं माहीत आहे, आणि कसा येईल तेही डोळ्यापुढे दिसतंय. पहिला शॉट ड्रोनचा, भेगाळलेली जमीन. वीटभट्टीवर काम करणारे आई-बाप, पार्श्वभूमीला बासरी. शाळेला सहा-सात किलोमीटर पळत जाणारं पोरगं. मग सैन्य, सियाचीनचा बर्फ, कडक कोच, एक छोटी प्रेमकहाणी. शेवट हांगझोऊ, २०२३ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, ८ मिनिटं १९.५० सेकंद, तिरंगा, नावं वर सरकायला लागतात. मुख्य भूमिकेत मुंबईतला कुणी, ज्याच्या पोटाचे फोटो वर्षभर आधी आलेले असतील. आणि आमच्या भाषेच्या नावाखाली तो ‘म्या’ आणि ‘तुह्या’ असं काहीतरी एकत्र कालवून बोलेल.

माझ्या हातात असतं तर मी हांगझोऊवर शेवट केला नसता. मी बर्मिंगहॅमवर बराच वेळ थांबलो असतो. ६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच्या धावपटूंनी नेली होती. साबळे ८:११.२० मध्ये आला. पुढे केनियाचा अब्राहम किबिवोट, ८:११.१५. फरक पाच शतांश सेकंदांचा. पापणी लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एका माणसानं वीस वर्षांची भिंत फोडली आणि तरी तो दुसरा आला, हे एकाच वेळी पडद्यावर धरून ठेवायचं, जल्लोष न करता आणि रडारड न करता. मग पॅरिस. जुलै २०२४ मध्ये तिथंच डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ हा राष्ट्रीय विक्रम, आणि महिन्याभरानं तिथंच ऑलिम्पिकची फायनल, या शर्यतीत तिथवर पोचलेला पहिला भारतीय पुरुष, आणि नंबर अकरावा. अकराव्या नंबरवर सिनेमा संपवायची हिंमत कोणत्या निर्मात्यात आहे? मोठ्या पैशाच्या सिनेमात ती असूच शकत नाही, कारण तिथं सुवर्णाशिवाय पैसे परत येत नाहीत. ती हिंमत कमी पैशातच परवडते. अडीच स्टार देताना याचा हिशोब कुणी करत नाही: कमी बजेटमुळे सिनेमाला काय जमलं नाही याची यादी असते, कमी बजेटमुळेच काय जमलं याची नसते.

आणि गर्दीचं म्हणाल तर, भरलेलं स्टेडियम दाखवायची गरजच नाही. पळणाऱ्याला स्टेडियम दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते आणि अडथळा दिसतो. स्टीपलचेसमध्ये असे २८ अडथळे असतात, वर पाण्यातल्या ७ उड्या. अडथळा तीन फूट उंच, तो साध्या हर्डलसारखा आडवा पडत नाही, पाय लागला तर माणूस पडतो. पाण्यातून बाहेर आलं की बूट जड झालेला असतो. पुढचा पूर्ण फेरा तो ओला बूट घेऊन पळायचा, आणि मग पुन्हा पाणी. सात वेळा. यासाठी ड्रोन लागत नाही, एक चांगला माईक आणि तो कुठं लावायचा हे कळणारा माणूस लागतो. असे साउंडवाले आपल्याकडे आहेत, ‘ख्वाडा’नं दाखवलेत.

पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलोत सुवर्ण जिंकला. बीडच्या सचिन धसनं २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ३२ वर ४ गडी बाद असताना येऊन ९६ धावा काढल्या. गोष्टींचा तुटवडा या जिल्ह्यात नाही. त्या गोष्टी कुणीतरी उसनेपासने पैसे घेऊन, उतारावरून बंद गाडी सोडत पडद्यावर आणेल. त्याचं परीक्षण तुमच्याकडे लिहायला आलं, तर त्याच्या घरची परिस्थिती आम्हाला सांगू नका, ती आम्हाला माहीत आहे. चौथ्या फेऱ्यानंतर ओल्या बुटाचा आवाज बदलला का, तेवढं लिहा. नसेल बदलला तर एक स्टार द्या.